वगळलेला कागद

निरपराध माणसाला शिक्षा झाली की चूक न्यायाधीशांची, असा सर्वसाधारण समज असतो. निकालपत्रावर सही त्यांची असते, म्हणून चूकही तिथेच झाली असे वाटते. पण अशा खटल्यांची कागदपत्रे शेवटाकडून मागे वाचत गेले, तर चूक अनेकदा कित्येक वर्षे आधी, गुन्ह्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सापडते. तपासाला एक दिशा मिळते. त्या दिशेला जुळणारा जबाब दोषारोपपत्रात जातो आणि न जुळणारा मागे राहतो. पुढची न्यायालये समोर आलेला पुरावा तपासतात. जो कागद समोर आलाच नाही त्याबद्दल विचारणे हे या साखळीत कोणाचेच नेमून दिलेले काम नसते.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या खटल्यात हे लख्ख दिसते. ५ जून २००३ च्या रात्री शेतातल्या एका वस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. वाचलेल्यांत एक स्त्री होती. दोनच दिवसांनी, ७ जूनला, तिने पोलिसांच्या अल्बममधली चार गुन्हेगारांची छायाचित्रे ओळखली. त्या चौघांवर खटला झाला नाही. खटला चालला तो भटक्या जमातींतल्या सहा गरीब मजुरांवर. २००६ मध्ये जालन्याच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, तिघांची फाशीही कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. चौघांना ओळखल्याची बाब सरकार पक्षाने दडपली, असे या निकालात न्यायालयाने म्हटले. सहा जणांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात उघड झाले होते.

२०१२ मध्ये १४ माजी न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून १३ जणांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. त्यांत या खटल्यातले कैदीही होते. पत्रांचा आक्षेप शिक्षेला होता. ज्या जुन्या निर्णयाचा आधार घेऊन फाशी दिली तो निर्णयच कायद्याला धरून नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे या कैद्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जाणत्या माणसांनीही त्यांचे दोषी असणे गृहीत धरले होते.

या खटल्याचा अर्थ काय लावायचा, यावर तपास करणारे आणि बचाव करणारे यांच्यात खोल मतभेद आहेत. पुढच्या संवादात पहिली बाजू ग्रामीण पोलीस दलातून निवृत्त झालेला तपासी अधिकारी मांडतो, दुसरी बाजू फाशीच्या कैद्यांची अपिले चालवणारी वकील. ही दोन माणसे केवळ भूमिकांची प्रतिनिधी आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे खटले खरे आहेत.

अधिकारी : सहा माणसं सोळा वर्षं आत राहिली, याचं समर्थन कोणी करणार नाही, ताई. पण अशा गुन्ह्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ डोळ्यांपुढे आणा. पाच मृतदेह पडलेत, अख्खा तालुका ठाण्याबाहेर उभा आहे, वरून दर तासाला फोन. ‘गुन्हा उघडकीस आणा’ एवढं एकच वाक्य सगळे बोलत असतात. त्यात चूक होते. आणि शेवटी ती न्यायव्यवस्थेनंच दुरुस्त केली ना?

वकील : ती दुरुस्त व्हायला मधे कोणालाही फासावर चढवलं गेलं नाही, हे केवळ नशीब. २००९ चा निकाल अंतिम होता, साहेब. तेव्हा पुनर्विलोकनाच्या याचिका न्यायाधीशांच्या दालनात, वकिलाचं म्हणणं न ऐकता निकाली निघत. फाशीच्या प्रकरणात ती खुल्या न्यायालयात ऐकायची, हे घटनापीठानं २०१४ मध्ये ठरवलं. २०१८ मध्ये जुना निकाल मागे घेऊन अपिलं नव्यानं ऐकायचं ठरलं, म्हणून सुटका झाली. याला व्यवस्थेची खात्रीची दुरुस्ती कशी म्हणायची? आणि ‘चूक’ हा शब्दही मला पटत नाही. चार छायाचित्रं ओळखली गेली होती.

अधिकारी : छायाचित्रांवर फार भार टाकू नका. ज्या बाईनं डोळ्यांदेखत आपली माणसं मरताना पाहिली, जी स्वतः जखमी आहे, तिच्यापुढे दोन दिवसांत अल्बम ठेवला. ती ओळख चुकीची असू शकते. ते चौघेच गुन्हेगार होते, असं तुम्हीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

वकील : नाहीच सांगणार. पण तिची दोन दिवसांनंतरची ओळख धक्क्यामुळे डळमळीत मानायची, तर त्याच स्त्रीनं नंतर या सहा जणांची केलेली ओळख पक्की कशी? वेळ जाईल तशी स्मृती सुधारत नाही. दोन्ही ओळखी न्यायालयापुढे शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर संशय तिथेच उभा राहिला असता. त्यातली एक मागे ठेवली, म्हणून दुसरी भक्कम दिसली.

या मुद्द्यावर अधिकाऱ्याच्या बाजूला उत्तर नाही, आणि प्रामाणिक तपासी अधिकारी तसे मान्यही करतात. कायद्याच्या दृष्टीने ओळख परेड हा मुळात स्वतंत्र पुरावा नाही. साक्षीदार न्यायालयात आरोपीला ओळखतो तो पुरावा, आणि परेड फक्त त्याला दुजोरा देते. त्यामुळे परेड कधी झाली, कोणी घेतली, त्याआधी साक्षीदाराला कोणाचे छायाचित्र दाखवले होते, या तपशिलांवर तिचे सगळे मोल ठरते. ते तपशील पोलिसांकडेच असतात.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतल्या स्फोटांच्या खटल्यातही ओळख हाच एक कच्चा दुवा ठरला. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांचा दोष रद्द केला. त्यांतला एक तोवर तुरुंगातच वारला होता. आरोपींना पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते, ओळख परेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता आणि स्फोटकांचा प्रकारही सरकार पक्षाला सिद्ध करता आला नाही, अशी कारणे निकालात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. सरकार अपिलात गेले असल्याने या खटल्यातला शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा राहील.

अधिकारी : त्या खटल्यात कबुलीजबाब होते. मोक्का कायदा १९९९ मध्ये केला तो एवढ्याचसाठी. संघटित गुन्ह्यात साक्षीदार बोलत नाही, बोलला तर फितूर होतो. म्हणून पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा धरला.

वकील : आणि उच्च न्यायालयाला वेगवेगळ्या माणसांच्या कबुलीजबाबांत मजकुराचे तेच तेच तुकडे सापडले. मारहाणीच्या तक्रारींना वैद्यकीय कागदांचा आधार सापडला. ब्रिटिशांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढची कबुली बाद ठरवली होती. आपल्या पोलिसांना ते आपल्याइतकेच ओळखून होते. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम २३ मध्ये, ती बादच आहे.

अधिकारी : पण कबुलीतून काही वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य आहे. जुन्या कायद्यातलं कलम २७. ते नसतं तर निम्मे खून उघडकीस आले नसते. आरोपी सांगतो, कोयता विहिरीत टाकलाय. पंचांपुढे निवेदन घेतो, आरोपीला घेऊन जातो, कोयता निघतो. यात गैर काय?

वकील : कोयता खरोखर त्यानं सांगितल्यावर निघाला असेल तर काहीच गैर नाही. पण दोन पंच कोण? त्याच ठाण्याच्या ओळखीचे. निवेदन कुठे लिहिलं गेलं? कोठडीत. वस्तू कोणी आधी पाहिली होती? ते फक्त तपास पथकाला माहीत. त्या एका पंचनाम्यावर किती जन्मठेपा उभ्या आहेत, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिल्यात.

अधिकारी : पाहिल्यात. खोटे पंचनामेही पाहिलेत. आता झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केलंय नव्या नागरिक सुरक्षा संहितेत. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकानं घटनास्थळी यायचं, हेही आलंय. ते नीट राबलं तर तुमचे निम्मे आक्षेप गळतील. पण राबवायचं कोणी? गणपतीचा बंदोबस्त, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, आणि उरलेल्या वेळात खुनाचा तपास. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये दिला. किती ठाण्यांत तो झाला? नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, मग रासायनिक विश्लेषकाच्या, म्हणजे सीए रिपोर्टची वाट बघत बसायचं, आणि तोवर दोषारोपपत्राची मुदत संपत येते.

अधिकाऱ्याची ही तक्रार खरी आहे आणि तिच्यात सोय शोधण्याचा भाग कमी आहे. अपुऱ्या मनुष्यबळावर तपास चालला की तो सोप्या रस्त्याने जातो, आणि सोपा रस्ता म्हणजे जो माणूस आधीच नोंदवहीत आहे त्याच्या घरापर्यंत जाणारा रस्ता. महाराष्ट्रात त्याला मोठा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच संशयित ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण सवयीच्या गुन्हेगारांसाठीचे राज्यांचे कायदे आले, आणि संशय त्याच वस्त्यांवर, त्याच पालांवर राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतले जातीवर आधारलेले भेद रद्द केले. त्या निकालात विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानण्याच्या प्रथेचाही समाचार घेतला गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशातल्या फाशीच्या ३७३ कैद्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतले होते.

अधिकारी : जात बघून कोणी मुद्दाम अडकवतो, हे मी मान्य करणार नाही.

वकील : मुद्दाम अडकवण्याची गरजच पडत नाही. पालावरच्या माणसाला उचललं तर संध्याकाळी ठाण्यात वकील येत नाही, आमदाराचा फोन येत नाही. तो जामीनदार आणू शकत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांतले शंभरात पंचाहत्तर कच्चे कैदी होते. ज्याचा बचाव कोणी करत नाही, त्याच्याविरुद्धचा कच्चा तपासही शेवटपर्यंत टिकतो. चुकीची शिक्षा बहुधा अशा माणसालाच होते, कारण चूक दाखवून द्यायला पैसा आणि वेळ लागतो.

अधिकारी : बरं, आता दुसरी बाजू ऐका. १९७३ च्या शिवाजी बोबडे खटल्यात, तोही महाराष्ट्रातलाच, सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं की संशयाचा फायदा उठसूट देत बसू नका. अपराधी सुटणं हाही न्यायाचा पराभव आहे. दिल्लीतलं छावला प्रकरण घ्या. २०१२ मध्ये तरुण मुलीचं अपहरण, बलात्कार, खून. दोन न्यायालयांनी फाशी दिली. २०२२ मध्ये तिघेही निर्दोष सुटले. तिच्या आईवडिलांनी कोणाकडे बघायचं?

वकील : तपास करणाऱ्यांकडे. त्या खटल्यात ओळख परेड झाली नव्हती. डीएनएचे नमुने अकरा दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. महत्त्वाच्या साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नाही. तिघे खरे अपराधी असतील तर ते या तपासानं सुटले, आणि निरपराध असतील तर दहा वर्षं याच तपासानं आत ठेवले. अपराधी सोडणारा आणि निरपराध अडकवणारा तपास एकच असतो, साहेब. आपण त्यांना दोन वेगळे प्रश्न समजून भांडतो.

अधिकारी : एवढं मात्र खरं की चुकीचा माणूस आत गेला की फाइल बंद होते. खरा माणूस मग कोणी शोधत नाही.

वकील : भोकरदनमध्ये तेच झालं. त्या चौघांबाबत पुढचा तपास करा, असं न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. सोळा वर्षांनी कोणता ठसा मिळणार होता?

या ठिकाणी वाद मिटल्यासारखा वाटतो, पण उपायावर तो पुन्हा पेटतो. बचाव करणाऱ्यांची मागणी अशी, की तपासात हाती आलेले सगळे कागद आरोपीला कळले पाहिजेत, सरकार पक्ष ज्यांवर विसंबला नाही तेसुद्धा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपीला दोषारोपपत्राबरोबरची कागदपत्रे मिळतात. तपासाची रोजची डायरी पाहण्याचा त्याला अधिकार नाही. फौजदारी खटल्यांतल्या उणिवांवर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल केलेल्या प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये नियमांचा एक मसुदा मंजूर केला आणि उच्च न्यायालयांना तो स्वीकारायला सांगितले. त्यात एक साधी तरतूद आहे : ज्या जबाबांचा, कागदांचा आणि वस्तूंचा सरकार पक्ष आधार घेत नाही, त्यांचीही यादी आरोपीला द्यायची. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका फाशीच्या खटल्यात न्यायालयाने हे पुन्हा बजावले. भोकरदनच्या खटल्यात अशी यादी पहिल्याच दिवशी बचावाच्या हाती असती, तर चार छायाचित्रांचा प्रश्न सत्र न्यायालयातच विचारला गेला असता. चुकीच्या शिक्षा रोखण्याचे जे उपाय सुचवले जातात, त्यांत हा सगळ्यांत स्वस्त आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, नवी पदे लागत नाहीत.

अधिकारी : यादी द्यायला माझी हरकत नाही. भीती वेगळी आहे. एका खुनात आम्ही शंभर लोकांना विचारतो. त्यातला एखादा दारूच्या नशेत काहीही बोलून जातो. तो प्रत्येक जबाब हत्यारासारखा वापरला तर एकही खटला टिकणार नाही. शिवाय खबऱ्याचं नाव त्या यादीत आलं तर त्याचा जीव जाईल.

वकील : खबऱ्याचं नाव झाकायची परवानगी न्यायाधीशांकडून घ्या. नशेतल्या जबाबाची किंमत न्यायाधीश ठरवतील, ते त्यांचं कामच आहे. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात १९८४ मध्ये परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आणि आजही प्रत्येक सत्र न्यायालय त्या उद्धृत करतं. आरोपी निर्दोष असण्याची कोणतीही वाजवी शक्यता शिल्लक राहता कामा नये, हा त्यांचा गाभा. ती शक्यता दाखवणारा जबाबच न्यायाधीशांना दिसला नाही तर ती कसोटी लावायची कशाला?

भरपाईच्या प्रश्नावर दोघांचे फारसे दुमत नाही, आणि तो प्रश्न कायद्याने जवळजवळ मोकळा सोडला आहे. विनाकारण अटक झालेल्या माणसाला, अटक घडवून आणणाऱ्याकडून, जास्तीत जास्त १,००० रुपये देता येतात. ही मर्यादा नव्या संहितेतही तीच राहिली. बाकी सारे न्यायालयाच्या मर्जीवर आहे. बिहारमध्ये १९६८ ला निर्दोष ठरूनही १९८२ पर्यंत तुरुंगात ठेवलेल्या रुदल शहा यांना १९८३ मध्ये ३०,००० रुपये मिळाले आणि घटनेच्या आधारे भरपाई देण्याची वाट तिथून सुरू झाली. १९९४ मध्ये खोट्या हेरगिरीच्या आरोपात अटक झालेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख मिळाले. अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात २०१४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांची भरपाईची मागणी मात्र २०१६ मध्ये ऐकून घेतली गेली नाही. भोकरदनच्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख देण्याचा आदेश झाला. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र तरतूद आणि विशेष न्यायालये सुचवली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती आली नाही. संपूर्ण फौजदारी कायदा नव्याने लिहिला जात असताना ही संधी गेली, याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही.

अधिकारी : पैसे सरकार देतं. ज्यानं कागद मागे ठेवला त्याच्या खिशाला काही लागत नाही. भोकरदनच्या निकालात जबाबदार अधिकारी शोधून विभागीय कारवाई करा, असा आदेश आहे, पण ते अजून सेवेत असतील तर. सोळा वर्षांनी सेवेत उरतो कोण? फाशीच्या गुन्ह्यात शिक्षा व्हावी म्हणून खोटा पुरावा रचणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, दंड संहितेत पहिल्यापासून. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही पोलिसावर ते कलम लागलेलं मी पाहिलं नाही.

वकील : म्हणूनच जबाबदारी दोषारोपपत्राच्या दिवशीच ठरली पाहिजे. तपासी अधिकाऱ्यानं यादीखाली सही करायची : हाती आलेलं सगळं यात आहे, काही वगळलेलं नाही. खोटं निघालं तर सही कोणाची हे शोधायला सोळा वर्षं लागणार नाहीत.

अधिकारी : अशी सही मी केली असती. सोबत तपासाला माणसं द्या आणि बंदोबस्तातून मोकळं करा, एवढीच अट घातली असती.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या मसुद्यातली यादीची तरतूद कलम २३० च्या मजकुरात आलेली नाही. नियम स्वीकारणे उच्च न्यायालयांवर आणि राज्य सरकारांवर सोपवले आहे. ज्या सत्र न्यायालयात हा नियम पोचलेला नाही, तिथे बचावाच्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा हवाला देऊन यादी मागावी लागते आणि न्यायाधीशांनी ती मंजूर करावी लागते. विधिसेवा प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाने ती मागायची, तर मुळात असा कागद मागता येतो हे त्याला माहीत असावे लागते.